ठमीचं पाणी

वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे केसाइतकी बारीक रेषा. ती रेषा मोजपट्टीच्या तळाशी, साध्या पाण्याची खूण असते तिथून जेमतेम वर टेकली होती. तिने डोळा बाजूला घेतला, काचेवरचा थेंब पुसला, नवा थेंब ठेवला, झाकण मिटलं आणि वीतभर लांबीची ती नळी पुन्हा खिडकीच्या उजेडाकडे धरली. रेषा तिथेच होती. लघवी किती दाट, किती पातळ एवढंच सांगणारं हे साधं यंत्र. त्याला वीज लागत नाही आणि ते सहसा बिघडतही नाही. शरीर रात्रभर पाणी धरून ठेवतं, म्हणून सकाळची पहिली लघवी दाट असते आणि रेषा वर चढते. हे तिने लॅबमध्ये इतक्या वेळा पाहिलं होतं, की सकाळच्या नमुन्यात रेषा खाली दिसली की तिला अंधारात जिना उतरल्यासारखं व्हायचं. पायरी असेल म्हणून पाऊल टाकावं आणि ते नुसतंच खाली जावं, तसं.

“कोणाची गं ही?” पलीकडच्या टेबलावरच्या मैत्रिणीने मायक्रोस्कोपमधून डोकं वर न काढताच विचारलं. “बाटलीवर नाव नाही, वय नाही.”

“ओळखीतली आहे.”

“तुझ्या ओळखीतलीला सांग, नळाचं पाणी भरून दिलं की आम्हाला कळतं म्हणून.” मग तिने डोकं वर काढलं. “ठमीची? माणसांच्या लॅबमध्ये कुत्रीची लघवी! साहेबांना कळलं तर तुलाच बाटलीत भरतील.”

ती हसली, पण जरा उशिरा. मैत्रिणीला तो उशीर दिसला असावा, कारण तिचा आवाज उतरला. “माझी मावशी पुन्हा विचारत होती. वरची खोली तिने तुझ्यासाठी म्हणून अडवून ठेवली आहे, कुत्रीसुद्धा चालेल म्हणाली. आणखी काय करायचं तिने? राहायला येतेस की नाही, ते एकदाचं बोल. किती दिवस हे घोंगडं भिजत ठेवणार?”

“त्याच्याशी बोलायचंय अजून.”

“ते तू मागच्या हिवाळ्यातही म्हणालीस.”

“ठमीचं एकदा निदान होऊ दे. ती बरी झाली की बोलते.” हे म्हणताना तिला आपल्याच आवाजात एक सुटल्यासारखा भाव ऐकू आला. सही मिळेपर्यंत काम पुढे सरकणार नाही असं कळल्यावर कारकुनाला वाटतं तसा. तिने तो नमुना धुऊन टाकला आणि पुढची बाटली उचलली. ती कुणा अनोळखी माणसाची होती, नाव-वयासकट, आणि तिची रेषा जिथे असायला हवी तिथेच होती.

घरी आता एक आवाज भरून राहिला होता. लप लप लप लप. ठमी पाणी पिताना जीभ मागे दुमडते आणि पळीने उचलावं तसं पाणी उचलते, हे तिला माहीत होतं. पण पूर्वी तो आवाज घरातल्या बाकी आवाजांत मिसळून जायचा. आता बाकी आवाज उरले नव्हते. स्वयंपाकघरात ती, पुढच्या खोलीत नवरा, मधल्या दारात ठमीचं भांडं. ठमी उठायची, नखं टकटक वाजवत भांड्याशी जायची, प्यायची, थांबून दोन्ही खोल्यांकडे आळीपाळीने बघायची, पुन्हा प्यायची. थोड्या वेळाने दाराशी उभी राहायची, आणि दार उघडायला कोणी वेळेत आलं नाही तर तिथेच, उंबऱ्यावर, पाय फाकवून मान खाली घालायची. एवढी शहाणी कुत्री. लहानपणीसुद्धा घरात एकदोनदाच चुकली असेल. पहिल्यांदा उंबऱ्यावर पाणी दिसलं तेव्हा तिला वाटलं भांडं लवंडलं. ओणवी होऊन तिने वास घेतला, तर वासही नव्हता. रंगही नव्हता. ती तशीच ओणवी राहिली. रंग नाही, वास नाही. शरीराने आपलं काहीच त्यात घातलेलं नाही.

नवरा-बायकोचं भांडण झालेलं नव्हतं. भांडण झालं असतं तर ते मिटवता आलं असतं, किंवा वाढवता तरी आलं असतं. मूल झालं नाही म्हणून असेल, असं नात्यातल्या बायका आपसांत म्हणायच्या. तेही खरं नव्हतं, मूल हवं असं दोघांनाही कधी फारसं वाटलंच नव्हतं. झालं एवढंच, की एकेक विषय बंद होत गेला. एखादी खोली वापरात नसते म्हणून दार लावून घ्यावं, मग तिकडचा दिवाही बदलू नये, तसं. शेवटी उरली ठमी. “ठमे, विचार गं, जेवण वाढू का?” ती स्वयंपाकघरातून म्हणायची. “ठमे, सांग, मी दुकानात खाऊन आलोय,” बाहेरून उत्तर यायचं. सुरुवातीला ती गंमत होती. पाहुण्यांसमोरही करायचे, पाहुणे हसायचे. गंमत कधी संपली आणि रीत कधी सुरू झाली, हे तिला नेमकं सांगता आलं नसतं. नेमकं सांगता न येणारी गोष्ट तिला अंगावर किडा चढल्यासारखी वाटायची.

त्याचं चष्म्याचं दुकान. तिथेच भेटले होते. ती डोळे तपासायला गेली होती. त्याने तिच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली आणि एकेक काच सरकवत, जवळून, हलक्या आवाजात विचारत राहिला, “हे बरं, की हे? आता? आणि आता?” इतक्या जवळून, इतक्या मन लावून तिला कोणीच कधी विचारलं नव्हतं की तुला कशाने बरं दिसतं. काही काचा तिला एकसारख्याच वाटल्या होत्या, तरी ती विचार करून उत्तरं देत राहिली, कारण त्याने विचारणं थांबवू नये असं वाटत होतं. अजूनही तो गिऱ्हाइकांना तसंच विचारतो. एकदा ती दुकानात नुसतीच उभी होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तो म्हणत होता, “घाई नाही काका. हे बरं, की आधीचं?” आणि तिचे डोळे भरून आले. ती रस्त्यावर निघून आली. हा आवाज तो घरी येताना दुकानातच ठेवून येतो, कुलूप लावून, शटर ओढून, असं तिला वाटलं. मग लगेच शास्त्र शिकलेल्या तिच्या मनाने विचारलं, आणि तुझा? तुझा आवाज तू कुठे ठेवून येतेस?

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पहिल्यांदा ती ठमीला घेऊन एकटीच गेली होती. सकाळचा नमुना हवा होता. तो धरायला तिने लांब दांड्याची जुनी पळी घेतली आणि बागेत ठमीच्या मागे वाकून चालत राहिली. ठमी बसली की पळी पुढे करायची, ठमी दचकून उठायची, दोघी पुन्हा चालायला लागायच्या. फिरायला आलेले शेजारचे आजोबा थांबून बघत होते. “काय गं, वाढतेस का तिला?” “नाही आजोबा, तिच्याकडून घेतेय.” “असं होय. चालू दे, चालू दे. आमच्या घरी आम्हाला वाढायलाही पळी कोणी उचलत नाही.”

डॉक्टरीणबाई थोराड अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या. जनावरांशी मृदू बोलायच्या, माणसांशी तोडून. “या ठमाबाई, बसा. पोट दाखवा. छान.” मग तिच्याकडे वळून, “दिवसाला पाणी किती पिते? अंदाज नको, माप सांगा. माझे पेशंट कधी खोटं बोलत नाहीत, नातेवाईक बोलतात.”

“आठशे मिली. लॅबच्या चंचुपात्राने मोजलंय.” ते सांगताना तिला थोडा अभिमान वाटला होता.

“वजनाच्या मानाने जरासं जास्त. पण एवढ्याने लघवी इतकी पातळ होऊ नये.” बाईंनी कपाळाला आठी घातली. “काहीतरी जुळत नाहीये. असो, एकेक वजा करत जाऊ.”

मग वजाबाकी सुरू झाली. साखर नाही, ना रक्तात, ना लघवीत. मूत्रपिंडं ठीक. यकृत ठीक. कॅल्शियम जिथल्या तिथे. गर्भाशय लहानपणीच काढलेलं, म्हणजे तिथे पू साचायचा प्रश्न नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन चिमुकल्या ग्रंथी असतात, त्या वेड्यासारखं काम करू लागल्या तरी जनावर असं पीत सुटतं. त्यांची तपासणी झाली, त्याही शहाण्या निघाल्या. प्रत्येक अहवाल आला की तिला आनंद व्हायला हवा होता. ती अहवाल वाचायची, आणि आत काहीतरी खाली बसायचं. निराशा. हा शब्द सापडल्यावर तिने तो टाकून देण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही. आपल्याला ठमीला आजार हवा आहे. लांबलचक, औषधांचा, रोज सुई टोचावी लागेल असा एखादा आजार. म्हणजे मावशींना सांगता येईल, कुत्रीचं बघून मग येते. म्हणजे वर्षानुवर्षं बघत राहता येईल. बसच्या खिडकीशी अहवाल मांडीवर घेऊन बसलेल्या तिला स्वतःची इतकी किळस आली की उतरायचा थांबा मागे गेला.

पुढच्या भेटीच्या सकाळी ती ठमीला पट्टा लावत होती. नवरा बूट घालून उभा राहिला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “ठमे, सांग, मीपण येणार आहे.” उंबऱ्यावर पुसलेल्याची ओल अजून होती. त्या दिवशी त्याने पुसलं होतं. फडकं पिळून नीट चौकोनी वाळत घातलेलं पाहून तिला कळलं होतं.

“अरे वा, आज वडीलही आलेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पाणी? अजून आठशेच?”

“हो, आठशेच्या आसपास,” ती म्हणाली.

“आठशेच,” त्याच वेळी तोही म्हणाला.

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो मोजतो हे तिला ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. “एकमत! दुर्मिळ आहे हो. कसं मोजता तुम्ही?”

“दुपारी दुकान बंद करून घरी जातो. तेव्हा भांडं रिकामंच असतं. भरतो, निघताना पुन्हा भरतो. दुकानात मापाचा मग आहे, तो घरी नेलाय.”

“दुपारी?” ती म्हणाली. थेट त्याला. मधे ठमी नव्हती, ती टेबलावर होती. “पण सकाळी मी भरते. संध्याकाळी मी भरते.”

“मला वाटलं तू भरतच नाहीस. भांडं कायम रिकामं.”

“आणि मी घरी येते तेव्हा अर्धं असतं, म्हणून मला वाटायचं दिवसभर ती फारसं पितच नाही, मी आल्यावर पिते.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “म्हणजे आठशे यांचे, आणि आठशे तुमचे. दुप्पट. आणि मी इतके दिवस इथे बसून डोकं खाजवतेय की कुत्री पिते थोडं आणि मुतते फार, हे पाणी आणते कुठून!” त्या हसल्या, मग थांबल्या. “तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?”

“हो,” दोघंही म्हणाले.

पुन्हा एकमत. त्यांनी ठमीच्या कानामागे खाजवलं, बराच वेळ, आणि तिच्याकडेच बघत बोलू लागल्या, जणू आता त्यांनाही ती वाट सापडली होती. “आता प्रश्न एवढाच उरतो. ठमाबाईंच्या शरीराला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून त्या पितात? की त्या पितात, म्हणून शरीर पाणी सोडून देतं? बाहेरून दोन्ही एकसारखंच दिसतं. पाणी तोडून बघायची एक तपासणी आहे, पण ती जिवाशी खेळ. एवढ्यात नाही. आधी यांना इथे ठेवून घेते. पाणी पुढ्यात, हवं तेवढं. बघू काय करतात.” मग अचानक वर बघून, “घरी ही पाणी प्यायली की काय होतं?”

“काय होणार?” नवरा म्हणाला. “काही नाही.” आणि मग, चष्म्याची काच बदलल्यावर गिऱ्हाईक थांबून बघतं तसा तो थांबला. “म्हणजे... कोणीतरी उठतं.”

“आणि?”

“आणि बोलतं,” ती म्हणाली. “‘प्यायलीस का गं? पुरे आता ठमे. शहाणी आहेस ना?’ मी म्हणते. मग बाहेरून हा म्हणतो, ‘पिऊ दे तिला.’”

“रोज?”

तिचं लक्ष ठमीच्या डोळ्यांकडे गेलं होतं. ठमी त्याच्याकडे बघत होती, मग तिच्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. टेबलटेनिस बघणाऱ्या माणसासारखी. शेपूट हळूहळू हलत होती. दोघं बोलत होते ना.

परतताना ती दोघं बसमध्ये शेजारी बसली, आणि मधे रिकामा पट्टा होता. घरात शिरल्यावर नखांची टकटक नव्हती. भांडं धुवून पालथं घातलेलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, तो पुढच्या खोलीत. पहिल्या संध्याकाळी दोघांनीही लवकर दिवे मालवले. दुसऱ्या संध्याकाळी तो बाहेरून म्हणाला, “ठमे, सांग...” आणि वाक्य तिथेच पडलं. ती ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. पुढचं वाक्य येईल म्हणून ती श्वास रोखून होती, आणि ते येत नव्हतं. तिला त्याची दया आली. मग कळलं की ही दया नाही, ओळख आहे. तो तिथे रिकाम्या दाराकडे तोंड करून बसला आहे आणि त्याला काय म्हणायचं होतं ते पोचवणारं कोणी नाही.

तिला ते दार आठवलं. दुसऱ्या घरातलं, दुसऱ्या गावातलं. तिची उंची दाराच्या कडीएवढी होती तेव्हाचं. आई आत, बाबा गॅलरीत आरामखुर्चीवर, मधे ती. “सांग तुझ्या बाबांना, गिळायचं असेल तर या म्हणावं.” ती धावत जायची, आणि गॅलरीपर्यंत पोचेतो वाक्य बदललेलं असायचं. “बाबा, आई म्हणतेय जेवायला या ना.” तिकडून, “तिला म्हणावं, माझी काळजी नको.” आत येईपर्यंत त्याचं व्हायचं, “बाबा म्हणतायत, येतोच.” कोणी शिकवलं नव्हतं. निरोप घरातल्या घरात नेता नेता त्याची टोकं घासून काढायची, एवढं तिला येत होतं, आणि ते आपण फार छान करतो असं तिला वाटायचं. पोट दुखायचं, ते वेगळं. सारखं दुखायचं. शाळेतून घरी पाठवायचे. पोट दुखलं की आई आतून उठायची, बाबा गॅलरीतून उठायचे, दोघं तिच्या अंथरुणाशी बसायचे आणि “ताप नाही ना?” “नाही, कपाळ गार आहे,” असं एकमेकांशी बोलायचे. एकमेकांशी! तिने डोळे मिटून घेतलेले असायचे, आणि ते दोन आवाज तिच्या अंगावरून मऊ चादरीसारखे सरकत जायचे. डॉक्टरांना कधी काही सापडलं नाही. मोठेपणी, बाबा गेल्यावर, एकदा तिने आईला विचारलं होतं, “तुम्ही दोघं इतकी वर्षं बोलत कसे नव्हता?” आईने अगदी मनापासून आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. “बोलत नव्हतो कुठे? तू होतीस ना.”

मावशींच्या वरच्या खोलीचा विचार तिने कधी ठमीशिवाय केलाच नव्हता. पलंग इथे, टेबल तिथे, खिडकीखाली ठमी. पण तिची लॅब सकाळी उघडते आणि संध्याकाळी मिटते. दिवसभर ठमी तिथे कोणाची वाट बघेल? आणि संध्याकाळी ती कोणाशी बोलेल, ठमीशीच ना? “ठमे, सांग,” म्हणेल, कोणालाही न सांगण्यासाठी. तो दुपारी घरी येतो. आवाज दुकानात ठेवून येतो खरा, पण फडकं नीट पिळून चौकोनी वाळत घालतो. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं होतं, आणि दोन्ही धरूनही उत्तर तेच येत होतं. तिने ते पुन्हा तपासून पाहिलं, पुन्हा थेंब ठेवावा तसं. तिथेच होतं. त्या उत्तराला अजून एक तपासणी नको होती. ती फक्त घाबरत होती, आणि घाबरण्याला इतके दिवस ती निदानाची वाट बघणं म्हणत आली होती.

चौथ्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तो पुढच्या खोलीतून उठून दारापर्यंत आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. तिने फोन कानापासून थोडा लांब धरला, म्हणजे त्यालाही ऐकू यावं.

“ठमाबाई उत्तम आहेत,” डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. “पहिल्या दिवशी सवयीने प्यायल्या, इकडेतिकडे बघितलं. कोणी आलं नाही. मग कमी कमी होत गेलं. आज जेवढं प्यावं तेवढंच प्यायल्या आणि पलीकडच्या बोक्याला बघत बसल्यात. सकाळची लघवी छान दाट. शरीरात काही म्हणजे काही नाही. उद्या घेऊन जा. पण आता ऐका. पाणी एकाच माणसाने द्यायचं. ठरलेलं, ठरल्या वेळी, आणि ती प्यायली की त्यावर काही बोलायचं नाही. दोघांनी दिलंत तर महिन्याभरात पुन्हा माझ्याकडे याल. कोण देणार ते आत्ताच ठरवा, आणि ठरवलंत की एकमेकांना सांगा. एवढं औषध.”

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “दाट आहे म्हणजे चांगलं ना?”

“चांगलं.”

“म्हणजे आजारी नव्हतीच.”

“नाही.”

तो मान हलवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, खराखुरा, आणि त्याखाली हळूहळू दुसरं काहीतरी चढत होतं. त्यालाही कळत असावं. इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून त्यांना काय दिसत नाही हे ओळखणारा माणूस होता तो. त्याने चौकटीवरचा हात काढला आणि तिच्याकडे बघितलं, आणि मग तिने कधीपासून न ऐकलेल्या त्या हलक्या आवाजात विचारलं, “मग? पाणी कोण देणार? तू, की मी?”

तिच्या पोटात तीच जुनी कळ आली आणि थांबली. आत्ता गप्प राहिलं तर तो म्हणेल, “आलटून पालटून देऊ,” आणि ती “बरं” म्हणेल, आणि उद्या ठमी त्या दारात येऊन बसेल. तिने ओट्याला धरलेला हात सोडला. वाक्य मऊ करायचं नाही. टोकं घासायची नाहीत.

“तू दे,” ती म्हणाली. “ठमी तुझ्याजवळ राहू दे. मी इथून जाते आहे. राहायला, दुसरीकडे. कायमची.”